फोटोत बोट दिसत नाही

ताई,

हे पत्र तुला पाठवायची हिंमत नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडेना.

तू नाशिकहून पाठवलेल्या मशीनवर रोज सकाळी आबांची शुगर बघून मी तुला फोटो टाकतो ना? मशीन आल्यापासून चारही दिवस टोचलेलं बोट माझं होतं. आबांनी चाकणला प्रेस मशीनवर तीस वर्षं काढली, पण सुईला घाबरतात. फोटोत आकडा दिसतो, बोट कुठं दिसतं? किती हवा ते मला कुठं ठाऊक, आकडा वाढला की मला तर मार्क वाढल्यासारखं वाटायचं.

काल तू त्यांना फोनवर झापलंस, "उपाशीपोटी एकशे शहाण्णव? चोरून जिलेबी खाताय!" सुई चुकवल्याचं लपवत बिचारे शपथा घेत होते, "अगं, नुसती भाकर नि मेथी खातोय मी."

आज घाबरून त्यांनी स्वतःच बोट पुढं केलं. एकशे बारा! खूश झाले, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मंग कालचं रगत कुणाचं रं?"

"मशीनचं डोकं फिरलं असंल."

ते अंघोळीला गेले, पण मला राहवेना. साबणानं हात धुतले, दुसरं बोट टोचलं. दोनशे चार. तिसरं टोचलं. दोनशे एक. तेवीस वर्षांच्या पोरात एवढी साखर येते कुठनं, ताई?

टॉवेल गुंडाळून आबा मागंच उभे होते. नाश्त्याला काढलेला माझ्यापुढचा क्रीमरोल उचलला, त्यांची अर्धी भाकर माझ्या ताटात ठेवली. "खा. मंग दवाखान्यात जाऊ. मी हाय."

उद्या तुला दोन फोटो येतील, वरचा आबांचा, खालचा माझा. ओरडायचंच असेल तर खालच्यावर ओरड.

तुझा,
रविराज