साठ डब्यांचा काला

मु. गावच, ता. मलकापूर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चिरंजीव नीळकंठ यास थोरली बहीण तानुबाईचा आशीर्वाद. प्रतिमाले अन् लेकरांले पण त्यातलाच वाटून दे, वेगळा लिहायले जागा नाही. इकडं सर्व खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढं वाच. तुझ्या पोटात जळजळ होते असं तू दोन पानं भरून कळवलं. जेवण झाल्यावर ताक पी, अन् एवढं मोठं पत्र जळजळीवर लिहू नको, वाचणाऱ्याच्या पोटात जळजळ होते. मागच्या साली मी लिहिलं असतं का डॉक्टरच्या नादी लागू नको. आता तसं लिहीत नाही. काऊन लिहीत नाही, त्याचीच ही चिठ्ठी आहे. (दुसरीतून माझी शाळा सुटली, तुझा पाळणा हालवायले कोणी नव्हतं म्हणून. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर बोलायले तुले तोंड नाही.)

तुले ठाऊक आहे, दिवाळी झाली का आपल्या गावच्या बाया कापसाच्या जिनात जातात, मी पण वीस वर्सं गेली. सरकी निघते, रुई निघते, अन् बाकी जे उडते ते आमच्या छातीत जाऊन बसते. आठवड्याची सुट्टी झाली का दुसऱ्या दिवशी छाती अशी आवळते जशी कोणी गाठोडं बांधून राह्यलं. याले आम्ही कधी रोग म्हटलंच नाही. जिनाची हवा म्हणायचो. तर मागच्या संक्रांतीले मुंबईच्या तुझ्याच कचेरीतून, जिथं तू कागदं सांभाळतो तिथूनच, डॉक्टरीण शैलजाबाई आली. पऱ्हाटीच्या काडीएवढी बाई, डोळ्याले चष्मा, पायात बूट. म्हणते, ही हवा नाही आजी, हा आजार आहे, अन् त्यावर एक नवी गोळी निघाली आहे, ती चालते का ते पाहायचं आहे. मी म्हटलं, चालते का ते पाहायचं असेल तर आधी तूच खाऊन पाह्य. तर म्हणते, खाल्ली आहे. माझं तोंड बंद झालं. (असं वर्सातून एकदा होते, तारीख लिहून ठेव.)

तिनं सोबत एक यंत्र आणलं होतं. पाण्यात उलटा ठेवलेला पत्र्याचा डबा, त्याले रबराची नळी, अन् वर एक बोरू. नळी तोंडात धरून सारा दम सोडला का डबा वर उठते अन् बोरू कागदावर रेघ ओढते. जेवढा दम तेवढी उंच रेघ. पहिले फुकायचा मान सरपंचाचा, म्हणून उकंडराव बसला. तू त्याले जाणतोच, ग्रामपंचायतीत बोलायले उठला का ऐकणाऱ्याच्या पायाले मुंग्या येतात. त्यानं गाल फुगवले, डोळे बाहेर काढले, अन् डबा हालला म्हणावं तर हालला. जिनातली आशाबाई मागून म्हणे, "सरपंच, भाषण समजून फुका ना!" मंग मी बसली. बापू, खोटं सांगत नाही, रेघ वर जाताना पाह्यली अन् माझ्या अंगावर काटा आला. पासष्ट वर्सं हा वारा नाकातोंडातून ये-जा करून राह्यला, कधी डोळ्यानं दिसला नव्हता. त्या दिवशी कागदावर उमटला. बाईनं खाली माझं नाव लिहिलं. माझ्या नावावर सातबाऱ्यात बोटभर जमीन नाही, पण तो श्वास माझ्या नावावर झाला.

माझ्या मागून सून बसली, कोकिळा. सव्वीस वर्सांची. तिची रेघ माझ्या रेघेच्या गुडघ्याले लागली. मी म्हटलं, नीट फुक, कामचुकार! ती म्हणे, "आत्याबाई, एवढाच आहे." घरी येऊन पाण्याची घागर मीच उचलली, अन् ती पाहून राह्यली तर तिच्यावर खेकसली.

आता ऐक काय झालं. साठ बाया निवडल्या. प्रत्येकीले नंबर टाकलेला पत्र्याचा डबा, महिन्याच्या गोळ्या त्यात. माझा एकतीस, कोकिळाचा बत्तीस. देवळाच्या सभामंडपात बाईनं सगळं उघड सांगितलं, लपवलं काही नाही. तीस डब्यांत औषध आहे अन् तीस डब्यांत नुसती खडूची गोळी, रंग एक, चव एक. कोणत्या डब्यात काय, हे उकंडरावानं विचारलं तर म्हणते, "मलाही माहीत नाही. ते मुंबईला बंद लिफाफ्यात आहे." उकंडराव म्हणे, "मंग बाई, तुमाले येते तरी काय?" सगळे हासले. बाई पण हासली, अन् म्हणाली, तेवढंच येतं, माहीत नाही म्हणायला.

मले हे काही नवीन नव्हतं. मागं लोणारले माहेरच्या नात्यात लग्नाले गेली होती, तिथं तळ्यावर दोन साहेब पाह्यले. एक म्हणे हा खड्डा आभाळातून दगड पडून झाला, दुसरा म्हणे नाही, जमिनीच्या पोटातून आग निघून झाला. (देवानं असुर गाडला तो हा खड्डा, हे मी सांगितलं, ते पण त्यांनी लिहून घेतलं.) आपल्याकडं एवढ्या वादात दोन डोकी फुटली असती अन् तिसऱ्यानं बांध कोरला असता. ते दोघं एका डब्यातून जेवले, अन् दगडाचं एकेक पोतं भरून घेऊन गेले. कोणाचं खरं ते दगडाले विचारू म्हणे. तवाच माझ्या मनात आलं होतं, का एवढं शिकून 'माहीत नाही' म्हणायले छाती पाह्यजे. ती या लोकांले कुठून येते देव जाणे, आमची तर रुईनं भरली.

पण गाव ते गाव. सभामंडपातून बाहेर पडलो नाही तोच बाया भांडायले लागल्या. माझ्या डब्यात खडू काऊन? तुह्या डब्यात औषध काऊन? आशाबाई तर डब्याले कान लावून बसली. मंग मी वडीलकीनं न्याय केला. गोकुळअष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? कोणाच्या घरचं दही, कोणाच्या लाह्या, कोणाचं लोणचं, सारं एका परातीत कालवतो अन् सारख्या मुठीनं वाटतो. देवानं गरिबाची अन् सावकाराची शिदोरी वेगळी ठेवली नाही. तर मी माझ्या अंगणात मोठी परात मांडली, साठही डबे त्यात उलटे केले, दोन्ही हातांनी कालवलं, अन् पुन्हा साठ डबे भरले. सगळ्यांले अर्धं औषध, अर्धा खडू. कोणी उपाशी नाही, कोणी तुपाशी नाही. बाया माझ्या पाया पडल्या. चार महिने, दर महिन्याले नव्या गोळ्या आल्या का, हा काला झाला. अन् बाईले सांगायचं कोणाले सुचलंच नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे? काला केला का आपण देवाले कळवतो काय?

जेठ महिन्यात बाई पुन्हा आली, फुकाफुकी झाली, सगळ्या रेघा मुंबईले गेल्या. तिकडं म्हणे एका खोलीएवढं यंत्र आहे, त्याले पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छिद्रं पाडून आकडे खाऊ घालतात अन् ते माणसापेक्षा लवकर तोलून सांगते. (म्हणजे मी त्या यंत्राच्या पोटात एक छिद्र होऊन बसली. तुह्या भाऊजींनी जन्मभर मले घराची शोभा म्हटलं नाही, यंत्रानं निदान छिद्र म्हटलं.) यंत्राचा कागद आला. बाई देवळाच्या पायरीवर तो घेऊन बसली होती, मी शेंगा घेऊन गेली. तिचं तोंड पाहून विचारलं. ती म्हणे, साठही बायांच्या रेघा सारख्याच सरकल्या आजी. मुंबईचा लिफाफा अजून बंदच आहे, पण दोन टोळ्या वेगळ्या असत्या तर रेघांत दिसलं असतं. गोळी निकामी दिसते. आता तसं लिहून टाकते. मी म्हटलं, लिहिलं का काय होईन? म्हणे, काही नाही, ही गोळी इथंच संपली, कोणी पुन्हा करणार नाही.

बापू, मी शेंगा पायरीवर ठेवल्या. गोळी निकामी नव्हती. निकामी माझा न्याय होता. मी साठ बायांवर सारखा न्याय करायले गेली, अन् जितक्या जिनांत जितक्या बाया खोकतात, त्या सगळ्यांच्या डब्यावर झाकण ठोकून आली. कोकिळाची रेघ मी माझ्याच हातानं कालवून टाकली. मी तिथंच सांगितलं. परात किती मोठी ते पण सांगितलं.

मले वाटलं आता ही बाई बूट काढते. तिनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. विचारलं, "साठही? दर महिन्याला?" मी मान हालवली. मंग तिनं मांडीवरची निकालाची वही फाडली नाही. त्याच वहीत, तारखेसकट, परातीसकट, माझ्या नावासकट सगळं लिहिलं, अन् खाली लिहिलं, "चूक माझी. डब्यात काय आहे ते सांगितलं, वेगळं का ठेवायचं ते सांगितलं नाही." मले वाचून दाखवलं. मी आजवर सासू पाह्यली, सासरा पाह्यला, तहसीलदार पाह्यला, पण स्वतःची चूक शाईनं लिहिणारं माणूस पहिल्यांदा पाह्यलं. अन् दिवाळी झाल्यावर जिन सुरू झालं तशी ती नवे साठ डबे घेऊन पुन्हा आली. एकापासून.

आता डबे वेगळे आहेत. परात मी उतरंडीमागं पालथी घातली. चार महिने झाल्यावर जे चांगलं ठरेल ते सगळ्यांले मिळेल असं बाईनं कबूल केलं आहे. जास्त लिहीत नाही, ताक पीत जा.

तुझी बहीण
तानुबाई

ता. क. हे वरचं पत्र प्रतिमाले वाचू दिलं तरी चालेल, हे खालचं देऊ नको. नवा लिफाफा तुझ्याच कपाटात आहे, बाईनं सांगितलं. कोकिळाचा नंबर या वेळेस पण बत्तीसच आहे. पंधरा दिवसांत तिचं पायरी चढणं बंद झालं. तू एकतीस अन् बत्तीस नुसतं पाह्य. तिच्यात औषध असेल तर पत्रात "पाऊस चांगला झाला" लिही, तिच्यात खडू अन् माझ्यात औषध असेल तर "पाऊस झाला नाही" लिही. मंग मी तिचा अन् माझा डबा बदलून टाकीन, दोन डब्यांचा काला काही काला नसते.

ता. क. दुसरा. लिहिताना मी मोठ्यानं वाचते हे तुले ठाऊक आहे. कोकिळा दारात बसून सरकी निवडून राह्यली होती. एवढंच म्हणाली, तेही दोन दमांत, "आत्याबाई, पुन्हा परात काढता काय?" अन् आपला डबा पदरात घेऊन आत गेली. तेव्हा लिफाफा पाहू नको. कपाटाले दुसरं कुलूप लाव. अन् चार महिन्यांच्या आत मी स्वतः मुंबईले येऊन तुझ्या दारात बसली, रडली, तुझा पाळणा काढला, तरी किल्ली देऊ नको.