काडीसाठी कारण

५ जानेवारी, रविवार
शेणव्यात आमच्या अंगणात बैठक. पाच पंच. टोकावड्याहून माझा नवरा विलास आणि त्याचे वडील. आमच्याकडून आई, धाकटा भाऊ नितीन. भाताच्या पेंढ्यातली एक काडी सतरंजीवर. नवराबायकोने दोन टोकं धरायची, मोडायची, की लग्न संपलं.
म्हातारे पंच म्हणाले, "कारण सांग, पोरी."
"मला एकटीला राहायचंय."
"मारतो काय?"
"नाही."
"दारू? दुसरी बाई?"
"नाही."
"मंग काडी कशावर मोडू? दोष नाय तर काडी नाय."
मागून कुणीतरी, "जास्त शिकवली का असंच होतंय." हशा.
काडी परत पेंढ्यात खोचली. दोन आठवड्यांनी पुन्हा. कारण घेऊन यायचं.

६ जाने. मुरबाड
कॉलेजात चार तास घेतले. वकील म्हणतात, दोघांच्या सह्या असल्या की कोर्टात अर्ज. सासऱ्यांची अट: आधी काडी, मग विलासची सही. विलास वडिलांपुढे बोलत नाही. सहा वर्षं मीही बोलले नाही.
भाड्याची खोली. एक खुर्ची, एक ताट. गप्प बसले तर कुणी विचारत नाही, काय झालं. एवढंच कारण. मोठ्याने म्हटलं की क्षुल्लक वाटतं.

९ जाने.
आईचा फोन. नितीनचं धसईला जुळत आलंय. मुलीकडचे विचारतात, बहीण का परत आली.
"मारतो म्हणून सांग गो. एकदाच. त्याचं काय जातंय, पुरुष हाय तो. दुसरी करंल."
"मारलं नाही त्याने."
"तुझ्या बापानी मला काय कमी मारलं? मी गेले काडी मोडायला?"
फोन तिनेच ठेवला.

१४ जाने. संक्रांत
घरमालकीण तिळगूळ घेऊन दारात. मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, तिला ठरवता येईना. वाटी ठेवून गेली.
वहीत लिहून पाहिलं: तो मला मारायचा. अक्षर नेहमीसारखंच आलं. पान फाडलं.

१६ जाने.
विलास कॉलेजच्या फाटकाशी. शर्टाला कोंबड्यांच्या खाद्याचा वास. शेडमधून तसाच निघाला असणार. रसवंतीत बसलो.
"सांगून टाक, मी मारायचो. मी मान खाली घालीन."
"का?"
"तुला सुटायचंय ना."
"आणि तुम्ही?"
"माझं काय. कोंबड्या थोडीच विचारणार हायेत." हसला. मला जमलं नाही.
त्याला वाईट ठरवलं तरच मी मोकळी. हो म्हणाले नाही. नाही असंही म्हणाले नाही.
त्याची एसटी आली. मागे पाहिलं नाही त्याने.

१८ जाने.
नितीनचा मेसेज: ताई, उद्या नीट बोल. उत्तर लिहिलं, पुसलं.

१९ जाने., रविवार. शेणव्याहून परत, एसटीत
आज धसईच्या मुलीचे मामाही बसले होते. मला विचारायच्या आधीच विलास उभा राहिला.
"मी हात उचलायचो."
आई रडू लागली. सुटल्यासारखी. सासरे जमिनीकडे पाहत राहिले. पंचांनी काडी पुढे केली. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या.
कोरडी होती. नुसती बोटं वळवायची.
मी म्हणाले, "खोटं आहे. यांनी कधी हात उचलला नाही."
विलासने टोक सोडलं. "सुजाता," म्हणाला. रागाने नाही.
"बैठकीची थट्टा मांडली काय दोघांनी?" म्हातारे पंच उठले. मामा चपला शोधू लागले. नितीन आत गेला.
"परत कधी बसायचं?" मी विचारलं. "तेच सांगेन. मला एकटीला राहायचंय."
आईने सगळ्यांचे कप उचलले. माझा तिथेच.
मुरबाड अजून लांब. काडी माझ्याकडेच राहिली, या वहीत घातली आहे. गाडी खड्ड्यात आदळली की हात वहीवर जातो. वाटेत मोडू नये म्हणून.