व्हिसा आणि बाबांचा डोळा

२ जानेवारी
ठरलं. परदेशात जाऊन शिकायचं. विषय हेल्थकेअर मॅनेजमेंट. वय एकतीस झालंय, पण तिकडे म्हणे पन्नाशीतली माणसंही वर्गात बसतात. टाइल्सच्या शोरूममध्ये लोकांना बाथरूमं दाखवत उभं राहणं आता बास. उद्यापासून पहाटे पाचला उठून इंग्रजीचा अभ्यास.

३ जानेवारी
साडेआठला उठलो. थंडी फार. उद्यापासून नक्की.

९ जानेवारी
घरात फक्त इंग्रजीच बोलायचं असा नियम केला. तेव्हापासून आई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. धाकटी बहीण म्हणते, नियम छान आहे, असाच चालू ठेव. हिला लहानपणापासून माझा हेवा.

२१ जानेवारी
कन्सल्टंटकडे गेलो. एसी ऑफिस, काचेचं दार, भिंतीवर व्हिसा मिळालेल्या मुलांचे फोटो. खिडकीशेजारी एक जागा रिकामी दिसली, ती माझ्या फोटोला बरी. तो म्हणाला, व्हिसावाल्यांना दोनच काळज्या असतात. एक, याच्याकडे पैसे आहेत का. दुसरी, शिकून झाल्यावर हा परत जाईल का. तेव्हा बँकेतल्या रकमेला हात लावायचा नाही, आणि घरी कुणीतरी तुमच्या आधारावर आहे असं दिसलं पाहिजे. मी म्हटलं, अख्खं घरच माझ्या आधारावर आहे. तो हसला. माणूस विनोदी आहे.

२२ जानेवारी
बँकेतली रक्कम म्हणजे बाबांची. त्यातून त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात व्हायचं होतं. मी शांतपणे समजावलं, मोतीबिंदू काय कुठे पळून जातोय? पिकू दे. पिकला की काढायला सोपा, असं मी कुठेतरी वाचलंय. बाबा म्हणाले, बरं. आई नियम मोडून बोलली की त्यांना भाजीतली मिरचीसुद्धा दिसत नाही. मी म्हटलं, मग मिरची घालू नकोस. इतका साधा उपाय या घरात कुणाला सुचला नव्हता.

६ फेब्रुवारी
इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. ऐकण्यात कमी मार्क. हेडफोन भंगार होता. बोलण्यातही कमी पडले, पण तिथे परीक्षक भंगार होती. कन्सल्टंट म्हणाला, घाबरू नका, एवढ्या मार्कांवर घेणारंही एक कॉलेज आहे. म्हणजे माझ्यातली गुणवत्ता ओळखणारं.

१८ फेब्रुवारी
आईने दोन वर्षांपूर्वी माझं नाव विवाह मंडळात घातलं होतं. ‘सेल्समन’ वाचून सगळे ‘कळवतो’ म्हणायचे, ते अजून कळवताहेत. काल मीच बायोडेटा बदलला. ‘परदेशात कायमचा स्थायिक होणार’. झालं! आज सकाळपासून तीन फोन. संपर्काला बाबांचा नंबर दिलाय, ते दिवसभर घरीच असतात. दुसरं करतात काय?

बाबांकडून उत्तर पाठ करून घेतलं. मुलगा तिकडेच राहणार, परत यायचा प्रश्नच नाही, आमची कसलीही जबाबदारी त्याच्यावर नाही. सासू-सासऱ्यांची कटकट नाही म्हटल्यावर मुलीकडचे खूश होतात. बाबा छान बोलतात. आवाज भरदार आहे त्यांचा.

३ मार्च
व्हिसाचा अर्ज भरला. त्यातही घरच्या संपर्काला बाबांचाच नंबर. कधीकधी ते लोक घरी फोन करून खातरजमा करतात म्हणे. म्हणून बाबांना दुसरं उत्तर शिकवलं. शिक्षण झालं की मुलगा लगेच परत येणार, मी आजारी असतो, तोच माझा आधार.

बाबांनी विचारलं, कुणाला कुठलं सांगायचं हे मला कसं कळणार? मी दोन्ही उत्तरं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवली. त्यांना कागदच दिसेनात. मग सोपी युक्ती सांगितली. इंग्रजीत बोलले की व्हिसावाले, आपल्या भाषेत बोलले की मुलीवाले. धाकटी म्हणाली, व्हिसावाल्यांनी आपल्या भाषेत विचारलं तर? हिचे प्रश्न म्हणजे नन्नाचा पाढा. एवढं मोठं ऑफिस, ते कशाला आपली भाषा शिकत बसतील!

४ मार्च
नोकरीचा राजीनामा तोंडावर फेकला. साहेबांना स्वच्छ सांगितलं की तुमच्याकडे माझी बुद्धी गंजत होती. ते हेलावले असावेत, कारण चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, कंपनीचा टी-शर्ट धुऊन परत करा.

२० मार्च
इंटरव्ह्यू. फाडफाड बोललो. व्हिसा ऑफिसरबाईंनी विचारलं, परत कशासाठी याल? म्हटलं, वडिलांसाठी, त्यांना दिसत नाही. म्हणाल्या, काय झालंय? मोतीबिंदू. मग ऑपरेशन का केलं नाही? म्हटलं, कसं करणार, पैसे माझ्या व्हिसासाठी अडकलेत. बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. छाप पडली. कोर्सचं नाव मात्र ऐन वेळी आठवेना. ‘हॉस्पिटलचं काहीतरी’ म्हणून वेळ मारून नेली.

२८ मार्च
बाबा आज भलतेच खुशीत. एक स्थळ चालून आलं. बाई अगदी आपल्या भाषेत, अदबीने म्हणाल्या, तुमच्या मुलाबद्दल थोडी चौकशी करायची होती. बाबांनी सगळं न अडखळता सांगितलं. तिकडेच राहणार, यायचा प्रश्नच नाही, आमची काळजी करू नका. बाईंनी म्हणे दोनदा विचारलं, नक्की ना? बाबा म्हणाले, लिहून देतो. मग आईने फोन घेऊन मुलगी काय करते विचारलं, तर बाई आभार मानून फोन ठेवून मोकळ्या.

बाईंनी बँकेतली शिल्लकसुद्धा विचारली. आत्तापासूनच पैशावर डोळा! मी बाबांना म्हटलं, उत्तम बोललात, पण असली लोभी माणसं आपल्याला नकोत.

१० एप्रिल
बाबांचा डावा डोळा लालभडक. डोकं फुटेल म्हणतात, दोनदा उलटी झाली. आई लगेच दवाखान्यात न्यायचं म्हणते. निकाल याच आठवड्यात यायचाय आणि हिला आत्ताच पैसे काढायचेत! मी औषधाच्या दुकानातून थेंब आणले. धाकटी किंचाळली, तुला लाज वाटते का? घरात माझ्या करिअरचा विचार करणारा मी एकटाच. बाबा म्हणाले, भांडू नका, चार दिवस काढतो मी.

१४ एप्रिल
व्हिसा नाकारला. कारण काय तर ‘अर्जदार शिक्षणानंतर परतणार नाही, असे अर्जदाराच्या वडिलांनी दूरध्वनीवर निःसंदिग्धपणे सांगितले.’

बापाने पोराचा गळा कापला. मी घर डोक्यावर घेतलं. बाबा डोळ्यावर ओला रुमाल धरून एकच म्हणत होते, अरे पण ती बाई आपल्या भाषेत बोलत होती. आईने कपाटातून चेकबुक काढलं, धाकटीने रिक्षा आणली आणि दोघी त्यांना घेऊन गेल्या. माझं मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून मी गेलो नाही. जेवण झाकून ठेवलंय का पाहिलं. नव्हतं.

१६ एप्रिल
शोरूममध्ये सहज डोकावलो. म्हटलं, साहेबांचे माझ्यावाचून फार हाल होत असतील तर विचार करीन. साहेब म्हणाले, तुमच्या जागी एक मुलगी घेतली, विक्री दुप्पट झाली. टी-शर्टचं मात्र अजून लक्षात आहे त्यांच्या. कोत्या मनाची माणसं.

१९ एप्रिल
बाबा घरी आले. मोतीबिंदू फार पिकून आत फुटला, डोळ्यात प्रेशर वाढलं, पाठीमागची नस गेली. आधी आणायला हवं होतं म्हणे. डाव्या डोळ्याने आता कधीच दिसणार नाही. उजव्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.

वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. पण रडत बसून डोळा थोडाच परत येतो? त्यापेक्षा कन्सल्टंटला फोन केला. तो म्हणाला, पुन्हा अर्ज करता येईल, मात्र परत येण्याचं कारण भक्कम हवं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एका डोळ्याने अधू वडील! याहून भक्कम काय असणार? हॉस्पिटलमधून तसं सर्टिफिकेट मागून घेतलं. अर्जाला जोडायच्या बाबांच्या पत्राचा मसुदाही लिहिला. ‘माझा मुलगा हाच माझा एकमेव आधार असून त्याच्यावाचून माझं पानही हलत नाही.’ फक्त बाबांची सही बाकी.

दुपारी मसुदा त्यांना वाचून दाखवला. धाकटी त्यांना भात भरवत होती, आई पाण्याचा पेला धरून बसली होती. तिघांनीही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चिडलं कुणी नाही. बाबा म्हणाले, सही कशाला, परत त्या बाईंचा फोन आला तर मीच सांगतो. मी आनंदाने विचारलं, काय सांगाल? ते म्हणाले, मागच्या वेळी सांगितलं तेच. मुलगा आला काय नि न आला काय, आमचं काही अडत नाही. या वेळी मात्र पाठ करून नाही, मनापासून सांगेन. मग धाकटीकडे वळून म्हणाले, दे गं, अजून एक घास दे.

आजारपणात माणूस चिडचिडा होतो. परवा पुन्हा विचारतो.