‘उदासीनता’ हा शेरा काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव,
संशोधन विभाग,
विद्यापीठ मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : विधी शाखेच्या दिवंगत संशोधक विद्यार्थिनीच्या नोंदीतील ‘उमेदवाराची उदासीनता’ हा शेरा वगळून विलंबाचे खरे कारण नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) आपले ‘कारणे दाखवा’ पत्र, जा. क्र. संशो/४१७.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे.

अर्जदार : सदर विद्यार्थिनीचा पती. व्यवसाय – पुस्तकबांधणी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, अर्जदाराचा हा तिसरा अर्ज आहे. पहिला अर्ज ‘शेऱ्याबाबत उमेदवारानेच अर्ज करणे आवश्यक आहे’ म्हणून परत आला. उमेदवार हयात नाही असे कळवल्यावर दुसरा अर्ज ‘दिवंगत उमेदवाराची फाइल बंद झाली असल्याने दुरुस्ती शक्य नाही’ म्हणून परत आला. दोन्ही उत्तरे नियमाला धरून असतील, त्याबद्दल तक्रार नाही. तथापि त्या दोन्ही अर्जांत अर्जदाराने एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहायला बसला की हात अडत असे. ती या वेळी लिहिली आहे, त्यामुळे अर्ज लांबला आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावा.

१. अर्जदाराचे दुकान विधी महाविद्यालयाच्या फाटकासमोर आहे. बावीस वर्षांत त्याने शेकडो प्रबंध बांधले, एकही वाचला नाही. सदर विद्यार्थिनी पदव्युत्तर परीक्षेचा लघुप्रबंध बांधून घ्यायला आली, पाठीवरचे सोनेरी अक्षर वाकडे आले म्हणून भांडली, आणि पुढच्या वर्षी तिचे अर्जदाराशी लग्न झाले. वकिलाच्या कचेरीत नोकरी करत तिने चाळिसाव्या वर्षी आपल्याकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवले. विषय होता, औषधांच्या चाचण्यांचे जाहीर न झालेले निष्कर्ष आणि त्या आतल्या माहितीवर होणारे समभागांचे व्यवहार.

२. हा विषय अर्जदाराच्या डोक्यावरून जाई. तेव्हा तिने एकदा भाजी निवडता निवडता समजावले. “समज, एक डॉक्टर नव्या औषधाची चाचणी घेतोय. औषध चालत नाही, हे त्याला आज कळलं. जगाला महिन्याने कळणार. त्याने गुपचूप आपले शेअर विकले, आणि ज्याने घेतले त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही. इथे गुन्हा कुठला?” अर्जदार म्हणाला, “विकणं.” ती म्हणाली, “विकणं नाही. ठाऊक असून, ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी व्यवहार करणं. ज्याला कळलंय त्याने एक तर सांगून टाकावं, नाहीतर हात बांधून बाजूला बसावं. तिसरा रस्ता नाही.” दुसऱ्या प्रकरणात हेच तिने बारा पानांत लिहिले आहे. फायदा पैशाचाच असावा लागतो असे नाही, हेही तिथेच आहे.

३. नोंदणीनंतर तिसऱ्या वर्षी तिला रक्ताचा आजार झाला. रोज एक गोळी सुरू झाली. गोळीने दोन वर्षे आजार आटोक्यात ठेवला. त्या दोन वर्षांत तिने तिसरे व चौथे प्रकरण पूर्ण केले. रक्त तपासायला नंबर लागेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर टिपणे काढली. हाताला सुई टोचलेली असे, तेव्हा डाव्या हाताने पाने उलटली. हे कळवण्याचा हेतू इतकाच की, ‘उदासीन’ हा शब्द वापरताना आपल्यासमोर ही पाने नसावीत.

४. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला ती आत रक्त देत असताना डॉक्टरांनी अर्जदाराला बाहेर बोलावले. ते म्हणाले, “गोळी आता काम करत नाहीये. दुसरी उपयोगाची नाही, त्रास कमी करणारी औषधं देऊ. सहा महिने धरा, कमीही असतील.” मग त्यांनी विचारले, “त्यांना मी सांगू, की तुम्ही सांगाल?” अर्जदार म्हणाला, “मी सांगतो.” डॉक्टरांनी केसपेपरवर ‘नातेवाइकांना कल्पना दिली’ असे लिहून अर्जदाराची सही घेतली. ती सही अर्जदाराचीच आहे.

५. अर्जदाराने सांगितले नाही.

६. त्या दिवशी घरी जाताना तिने कोपऱ्यावरच्या दुकानात नव्या चष्म्यासाठी फ्रेम पाहिल्या. सहा-सात लावून पाहिल्या, प्रत्येक वेळी “ह्यात मी मास्तरीण दिसते ना?” असे विचारले. अर्जदाराने ठरवले, आज नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवले. आठवडा गेल्यावर ‘इतके दिवस का नाही सांगितलंस’ याचे उत्तर देता येईना, म्हणून आणखी एक आठवडा गेला. तपासणीचे अहवाल अर्जदारच आणत असे. आकडे तोंडी सांगत असे, आणि ते खोटे सांगत असे. नव्या गोळ्या वेष्टनातून काढून तो सकाळ-संध्याकाळच्या खणांच्या डबीत भरून ठेवी. रंग वेगळा का, असे तिने एकदा विचारले. “कंपनी बदलली,” असे अर्जदार म्हणाला. कागदावरची लपवाछपवी ती लांबून ओळखायची. नवऱ्याने भरलेल्या डबीवर तिने संशय घेतला नाही.

७. डिसेंबरच्या अखेरीस तिच्या मार्गदर्शक बाई घरी आल्या. चार प्रकरणे भक्कम आहेत, पाचव्याचा हट्ट सोडावा, छोटा समारोप जोडून जानेवारीतच प्रबंध द्यावा, असे त्यांचे मत पडले. त्या गेल्यावर तिने विचारले, “काय करू रे? आत्ताच देऊन टाकू, की पाचवं नीट लिहू?” ‘आत्ताच दे’ म्हटले असते, तर ‘का?’ असे विचारून तिने पाच मिनिटांत सगळे काढून घेतले असते. म्हणून अर्जदार म्हणाला, “नीट लिही. वेळ आहे.” महोदय, हे वाक्य अर्जदाराचे, म्हणजे माझे आहे. मला ठाऊक होते, तिला नव्हते, आणि तिने विचारल्यावर मी उत्तर दिले.

८. यात अर्जदाराचा फायदा झाला, हेही नोंदवणे भाग आहे. त्याला चार महिने मिळाले. त्या चार महिन्यांत ती पंख्याच्या वेगावरून भांडली, कात्रणांनी पलंग भरून ठेवला, पुढच्या वर्षी घराला रंग कुठला द्यायचा यावर तिने अर्जदाराच्या सासऱ्यांशी, म्हणजे स्वतःच्या वडिलांशी, पैज लावली. खरे कळले असते तर यातले काही राहिले नसते, असे अर्जदार स्वतःला समजावत असे. आता तसे समजावता येत नाही. ते दिवस तिचे होते, आणि ते कशात घालवायचे हे तिने ठरवायचे होते.

९. मार्चच्या वीस तारखेला तिला दवाखान्यात ठेवावे लागले. नव्याने आलेल्या डॉक्टर मुलीने केसपेपर चाळत सहज विचारले, “जुनी गोळी बंद केल्यापासून झोप कशी लागते?” तिने अर्जदाराकडे पाहिले. डॉक्टर मुलगी गेल्यावर तिने केसपेपर मागून घेतला आणि शेवटून सुरुवातीकडे वाचत गेली. आवाज चढवला नाही.

“नऊ नोव्हेंबर?”

“हो.”

“म्हणजे बाई आल्या तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“मग ते मी ठरवलंच नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं, मी ठरवलं.” मग केसपेपर मिटून म्हणाली, “अरे, मला विचारायचं तरी होतंस, कळून घ्यायचंय का म्हणून.”

१०. त्याच दुपारी तिने समारोप लिहायला घेतला. बोटे सुजल्यामुळे पेन धरवेना, तेव्हा ती सांगत गेली आणि अर्जदार लिहीत गेला. अर्जदाराचे शुद्धलेखन कच्चे आहे. ती दर ओळीला थांबवून ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घेई आणि वैतागे. अशी साडेतीन पाने झाली. कामाव्यतिरिक्त ती फारशी बोलली नाही. अर्जदार जेवला का, एवढे मात्र रोज विचारत असे. पण ते ती लग्नापासूनच विचारत आली होती, त्यामुळे त्यावरून काही अनुमान काढता येत नाही. तिने माफ केले असे अर्जदार म्हणणार नाही. तसे ती म्हणाली नाही.

११. प्रबंधासोबतच्या घोषणापत्रावर उमेदवाराने अधिकाऱ्यांसमोर सही करावी असा आपला नियम आहे. त्यासाठी अर्जदार खिडकी क्रमांक तीनवर गेला. उमेदवार उठू शकत नाही असे सांगितल्यावर लिपिकांनी दवाखान्याचा दाखला मागितला. दाखला आणला, तर त्यावर शिक्का गोल होता, चौकोनी हवा होता. चौकोनी शिक्का मारणारे गृहस्थ सोमवारी येणार होते. वीस तारखेपासून तिच्याजवळ नऊच दिवस होते, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. त्या नऊ दिवसांतल्या तीन सकाळी अर्जदार आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून होता. एकोणतीस मार्चला, त्या सोमवारच्या आधल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास ती गेली. त्या वेळी अर्जदार जवळ होता. तिने खिडकी उघडायला सांगितली. ती उघडीच होती. अर्जदाराने उठून आणखी थोडी ढकलल्यासारखे केले.

१२. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी आपले संदर्भ क्रमांक १ चे पत्र तिच्या नावे आले. ‘आपण मुदतीत प्रबंध सादर केला नाही, तसेच घोषणापत्रावर सही करण्यास हजर राहिला नाहीत. यावरून आपण संशोधनाबाबत उदासीन असल्याचे दिसून येते. पंधरा दिवसांत खुलासा करावा.’ खुलासा आला नाही, म्हणून नोंदणी रद्द झाली आणि कारणाच्या रकान्यात वरील शेरा पडला.

१३. दुसऱ्या अर्जाची कागदपत्रे परत घेताना आपल्या मुख्य लिपिकांनी अर्जदाराला आत बोलावून बसवले, पाणी दिले. ते म्हणाले, “साहेबांना सांगून फाइल उघडून घेतो. छापील फॉर्ममध्ये ‘आजारपण’ असा पर्याय आहे. त्यावर खूण करा, आजच्या आज शेरा बदलतो. कशाला जिवाला लावून घेता?” त्यांच्या चांगुलपणाबद्दल अर्जदार ऋणी आहे. पेन हातात घेतलेही होते. पण खूण करवली नाही. आजारपणात तिने दोन प्रकरणे लिहिली. आजार तिला आडवा आला नाही. आजाराने तिच्याजवळ पुरेसा वेळ ठेवला होता. तो नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा वेळ अर्जदाराने दडवला. तिच्याबद्दल आणखी एक खोटे, तेही आपल्या शिक्क्यानिशी, अर्जदाराला नको आहे. छापील फॉर्ममध्ये आजारपण, प्रसूती, नोकरीतील बदली व इतर असे चार पर्याय आहेत. ‘इतर’पुढे अर्ध्या ओळीची जागा आहे. तेवढी पुरते.

सबब विनंती की,

(अ) ‘उमेदवाराची उदासीनता’ हा शेरा वगळून त्या जागी ‘उपलब्ध मुदतीची माहिती पतीने उमेदवारापासून दडवली’ असे नोंदवावे. अर्जदाराची बदनामी होईल अशी काळजी आपण करू नये. वाक्य त्याने पुष्कळ वेळा लिहून पाहिले आहे.

(आ) नियमात ते बसत नसेल, तर रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना खोटे बोलत नाही.

(इ) पदवी मिळावी अशी मागणी नाही. चार प्रकरणे व साडेतीन पाने मार्गदर्शक बाईंनी वाचून त्यांवर सही केली आहे. ती ग्रंथालयात कुठेतरी ठेवून घ्यावीत, एवढीच विनंती. पुढेमागे या विषयावर कोणी काम करील, त्याने तिच्याशी वाद घालावा. तिला ते आवडले असते.

(ई) यापुढील पत्रव्यवहार कृपया अर्जदाराच्या नावे व दुकानाच्या पत्त्यावर करावा. घरी टपाल सासरे घेतात. वय एक्याऐंशी आहे, नजर चांगली आहे. लेकीला सतत कुठून कुठून पत्रे येत, ती दारात घेऊन तिला हाक मारायची त्यांना सवय आहे. आपली आतापर्यंतची तिन्ही पत्रे तिच्याच नावे आली. तिन्ही वेळा त्यांनी पाकिटावरचे नाव वाचले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “अगं, विद्यापीठाचं पत्र आलंय गं तुझं.” मग ते पाकीट हातात धरून तिथेच दारात उभे राहतात, आणि अर्जदाराने जाऊन त्यांच्या हातातून ते घ्यावे लागते.

या अर्जावर आपण जो निर्णय घ्याल तो मान्य करणारा,
आपला नम्र,

(सही)
अर्जदार, पुस्तकबांधणी कामगार,
विधी महाविद्यालयाच्या फाटकासमोर.

दिनांक : १४ जून

सोबत :
१. मृत्यूचा दाखला, तीन प्रती.
२. आपल्या संदर्भीय पत्राची प्रत.
३. प्रबंधाची चार प्रकरणे व समारोपाची साडेतीन पाने (समारोपाचे हस्ताक्षर अर्जदाराचे, मजकूर उमेदवाराचा).
४. ९ नोव्हेंबरच्या केसपेपरची प्रत, ‘नातेवाइकांना कल्पना दिली’ या नोंदीसह. खालची सही पडताळून पाहण्यासाठी अर्जदार कोणत्याही दिवशी हजर राहील.