आईचं रक्त गारठतं

आई,

तू गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. आनंदाच्या भरात घाईघाईने लिहितेय, तेव्हा अक्षर लावून वाच. तुझ्या थकव्याचं कोडं सुटलं!

काल तुझं रक्त आमच्या लॅबच्या मशीनवर लावलं, तर आकडे वेड्यासारखे आले. सर म्हणाले, "नमुना बिघडलाय, फेकून दे." मी हट्टाने नळी अंगाच्या उष्णतेइतकी गरम करून पुन्हा लावली, आणि एकमेकींना चिकटलेल्या पेशी सुटून आकडे सरळ आले! गारवा लागला की तुझं शरीर स्वतःच्याच लाल पेशींच्या जिवावर उठतं. लाखात एखाद्याला होतो असा आजार. आणि तू दोन वर्षं फुलांच्या दुकानातल्या थंड खोलीत उभी राहून लोहाच्या गोळ्या गिळतेयस!

रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनाही हेच वाटतंय. यावर औषध आहे, आई! आठवड्यातून एकदा शिरेतून, असं चार वेळा. त्या आज चारला तुला त्यांच्या दवाखान्यात बघणार आहेत. मी कागद घेऊन पुढे जातेय. तू तीनला गाडी करून ये. स्वेटर, हातमोजे, जाड पायमोजे घाल. फ्रिजला हात लावू नकोस, दूध थर्मासमध्ये आहे. दुकानाच्या मालकीणबाईंना तुझी सुट्टी कळवली आहे. रागवायचं ते संध्याकाळी रागव.

रविवारी तू जिन्यात मटकन बसलीस, तेव्हा मी "नाटकं पुरे" म्हणाले. चुकलं माझं.

आज हव्या तितक्या वेळा बस. मी दवाखान्याच्या दारातच उभी असेन.

तुझी,
चिमणी