आमच्या चौकाचे थोरले काका

आई,

आज मला थोरल्या काकांचा राग आला. ते जाऊनही आता इतकी वर्षं झाली, पण आला तो आलाच, आणि तोही इथे वॉशिंग्टनमध्ये, एका संगमरवरी इमारतीच्या पायऱ्या उतरताना. हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी होती. कशी ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगणार. तू मधे बोलू नकोस.

तू होतीस तेव्हा मी इथल्या एका हॉटेलात कांदे चिरत होते. आता मी शाळेसमोरच्या चौकात उभी असते. अंगात पिवळंजर्द जाकीट, हातात ‘थांबा’ लिहिलेली लाल पाटी. मुलं आली की रस्त्याच्या मधोमध जायचं, पाटी वर धरायची, गाड्या थांबल्या की मुलांना पलीकडे न्यायचं. सातवी शिकलेल्या बाईला जमतं, पाटीवर एकच तर शब्द आहे. फक्त गाड्या थांबायला हव्यात. त्या थांबत नव्हत्या. सकाळी शेजारच्या मेरीलँडहून, व्हर्जिनियाहून ऑफिसला निघालेले लोक, त्यांना मी म्हणजे रस्त्यातला खांब. एकदा एकाच्या गाडीच्या आरशानं माझ्या हातातली पाटी उडवली. दुसऱ्या हाताला बालवाडीतली एक पोर होती. तिनं माझी बोटं इतकी घट्ट धरली की संध्याकाळी कणीक मळताना दुखत होती. तो गाडीवाला वळून बघायलाही थांबला नाही.

मग मी शहराच्या लोकांच्या मागे लागले. वस्तीची मीटिंग, सिटी कौन्सिलची मीटिंग, मोडक्या इंग्रजीत तेच ते रडगाणं. शेवटी खांबावर कॅमेरा बसला. जोरात गेलात की फोटो निघतो आणि दंडाची चिठ्ठी घरी येते. झालं, गाड्या वरातीसारख्या हळू यायला लागल्या. ती पोर आता माझा हातसुद्धा धरत नाही, उड्या मारत जाते. मला वाटलं, संपलं आपलं काम.

कसलं संपतंय. हे शहर देशाची राजधानी आहे ना, कुठल्याच राज्यात मोडत नाही. आम्ही मत देऊन मेयर निवडतो, कौन्सिल निवडतो. पण कौन्सिलनं कायदा केला की तो टेकडीवर पाठवायचा, काँग्रेसकडे, म्हणजे इथल्या संसदेकडे. त्यांच्या मनात आलं तर तो रद्द करतील. आमच्या करातून उभं राहिलेलं आमचं बजेट, तेसुद्धा त्यांच्या हाताखालून जातं. आणि त्या संसदेत आमचं कोण? एक प्रतिनिधी आहे. बसायचं, बोलायचं, पण कायदा पास करायच्या वेळी मत द्यायचं नाही. बाकी प्रत्येक राज्याला वरच्या सभागृहात दोन सेनेटर असतात, आम्हाला तर एकही नाही. मी नागरिक झाले तेव्हा परीक्षा घेणाऱ्या बाईनं विचारलं होतं, ‘‘तुमचा सेनेटर कोण?’’ मी म्हटलं, ‘‘कोणी नाही.’’ ती म्हणाली, ‘‘बरोबर.’’ मी आनंदानं घरी आले, पेढे वाटले. कशाचे वाटले ते आता कळतंय.

तर आता कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या एका खासदारानं बिल आणलंय की राजधानीतले असले सगळे कॅमेरे काढा. आमचा चौक त्यानं पाहिला नाही. आमच्या शाळेतलं एकही पोर त्याला माहीत नाही. आमच्यातल्या एकाही माणसाचं मत त्यानं कधी मागितलं नाही, मागायची गरजच नाही. पण हात तो वर करणार आणि कॅमेरा आमचा जाणार.

तेव्हा मला ती सतरंजी दिसली गं. ग्रामपंचायतीच्या खोलीतली, निळी-लाल पट्ट्यांची. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून तू सरपंच. आणि तू खाली सतरंजीवर, डोक्यावर पदर, आणि सरपंचाच्या खुर्चीत थोरले काका. मोठ्या दिरासमोर खुर्चीत कसं बसायचं, म्हणून. काका साधे मेंबरही नव्हते! खालच्या वस्तीला हापसा द्यायचा हा तुझा ठराव. बायका ओढ्यावरून घागरी आणत होत्या. ग्रामसेवक ठराव वाचतो, मेंबर माना डोलावतात आणि मग सगळे काकांकडे बघतात. काका मिशीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, ‘‘चांगलाय ठराव. पण जरा थांबवू.’’ का थांबवायचं ते सांगायचे नाहीत. त्यांना हापसा स्वतःच्या दारात हवा होता, हे कुत्र्यालाही माहीत होतं. आणि तू काय करतेस? उठतेस आणि स्टोव्हला पंप मारून चहा टाकतेस!

मी दाराशी उभी असायची, सतरा-अठरा वर्षांची, अंगाची आग व्हायची. घरी आल्यावर म्हटलं, ‘‘तू सरपंच आहेस की चहावाली?’’ तू भाकरी थापत होतीस. थांबलीसही नाही. म्हणालीस, ‘‘कपात चहा असेपर्यंत माणूस उठून जात नाही. तेवढ्यात ठराव परत वाचायला सांगते.’’ मला ते लाचारीचं वाटलं. दर महिन्याला तोच ठराव, तोच चहा, तेच ‘जरा थांबवू’. तुझी मुदत संपता संपता काका कंटाळले आणि हापसा आला खालच्या वस्तीत. नारळ कुणी फोडला? काकांनी! तू मागे उभी. मी चिडले तर म्हणालीस, ‘‘फोडू दे की. पाणी कोण भरतंय ते बघ.’’ पाणी जरा मचूळच निघालं, पण निघालं.

तुझ्या नातीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती जर्सी सिटीला असते. ‘‘आई, जस्ट मूव्ह हिअर,’’ म्हणते. ‘‘इथे दोन सेनेटर मिळतील.’’

‘‘आणि चौकात कोण उभं राहील? तुझे सेनेटर?’’

‘‘ओके, ओके. पण तिथे जाऊन सीन करू नकोस, प्लीज.’’

सीन केला नाही. आज सकाळची मुलं पोचवल्यावर मी आणि शाळेतल्या तीन मुलांच्या आया टेकडीवर गेलो, त्या खासदाराच्या ऑफिसात. कुणालाही जाता येतं, तेवढं मात्र आहे. जाकीट मी मुद्दाम काढलं नाही. टेबलाशी एक पोरगी, माझ्या लेकीहून लहान, गोड हसली. मी पाठ केलेलं सगळं बोलले. पाटी, आरसा, ती पोर. तिनं नीट ऐकलं, खोटं कशाला बोलू. मग कॉम्प्युटरवर हात ठेवून विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही आमच्या मतदारसंघातल्या का?’’

‘‘नाही. मी इथली. बसनं आले.’’

‘‘सॉरी. आम्ही फक्त आमच्या मतदारांचं म्हणणं नोंदवतो.’’

‘‘अगं, पण कॅमेरा माझ्या चौकातला आहे ना? तुमचे साहेब माझ्या चौकावर मत देणार आणि मला तुम्ही लिहूनही घेणार नाही?’’

‘‘आय अंडरस्टँड, मॅडम,’’ म्हणाली. डिट्टो ‘जरा थांबवू’. फक्त मिशी नव्हती. आणि मग तिनं टोपली पुढे केली. त्यांच्या राज्यात शेंगदाणा पिकतो म्हणे, येईल त्याला एकेक पुडी देतात. आम्ही चौघींनी चार पुड्या घेतल्या आणि बाहेर आलो.

पायऱ्यांवर मला इतका राग आला की पुडी फेकणार होते. सोबतची एक आई म्हणाली, ‘‘झालं ना. आता काय करणार आपण?’’ तिचाच मुलगा सकाळी माझ्या पाटीखालून गेला होता. मी म्हटलं, ‘‘पुढच्या आठवड्यात परत यायचं. तुमच्या पुड्या द्या इकडे.’’

घरी येऊन शेंगदाणे धुतले, मीठ काढलं, तव्यावर सुकवले, सालं पाखडली. कूट केला, गूळ घालून लाडू वळले. छोटा डबाभर झाले. त्या पोरीला नेणार आहे. त्या साहेबांनाही, भेटले तर. चहापेक्षा लाडू बरा, खायला वेळ लागतो आणि तोंडात असला की ‘नाही’ म्हणता येत नाही. तेवढ्यात मी परत पहिल्यापासून सांगणार. पाटी, आरसा, ती पोर. हे चालेल की नाही मला माहीत नाही. बिल कदाचित उद्याच पास होईल. कॅमेरा निघाला तर मी रस्त्यात आणखी एक पाऊल पुढे उभी राहीन, दुसरं काय.

हे पत्र मी कुठे टाकणार, डब्याखालीच ठेवते. एकच राहिलं, तेही तुलाच सांगते, नातीला सांगितलेलं नाही. पुडी घेताना मी त्या पोरीला ‘थँक यू’ म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं. आणि डोक्यावर पदर नव्हता, तरी हात तिकडे गेला.