गोळा माझा नाही, दोरी माझी आहे

मृत्युपत्र

मी, रंजीता डोमा मांढरे, वय २८ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार मौजा बोडीटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, लिहून ठेवते की आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण शुद्धीवर असलेली मुलगी चौदा महिने बर्फात राहायला जात नाही, असे माझ्या घरातील बहुमत आहे. पुढच्या महिन्यात मी अंटार्क्टिकावरील भारतीय संशोधन केंद्रात जनरेटर व वाहने सांभाळणारी तंत्रज्ञ म्हणून जात आहे. हिवाळा लागला की तिथून कित्येक महिने कोणाला परत आणता येत नाही. मला काही झाले तर घरचे येऊ शकणार नाहीत. घरी काही झाले तर मी येऊ शकणार नाही. यातील दुसरी गोष्ट मला जास्त लागते, म्हणून हे लिहिणे.

तिथे अस्वले नाहीत. पांढरी अस्वले पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असतात. हे माझे सर्वांना तोंडी सांगून झाले आहे.

हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली केलेले नाही. करू नये म्हणून मात्र दबाव होता. आत्या म्हणाली, "जिवंतपणी असं लिहू नाई बाई, अवदसा येते." तिचा आक्षेप नोंदवून पुढे जाते.

१. गावठाणातील माझ्या नावावरची दोन खोल्यांची स्लॅबची इमारत माझे वडील डोमा मांढरे यांना, त्यांच्यानंतर माझी आत्या गोकुळा हिला द्यावी. आत्या विधवा आहे आणि माझी आई गेल्यापासून हे घर तीच चालवते. मागच्या खोलीतील विजेच्या बोर्डाला माझ्या पश्चातही कोणी हात लावू नये. त्यात कपडे वाळत घालायची तार अडकवण्यासाठी खिळा ठोकणाऱ्याचे नाव मी लिहीत नाही. त्याला माहीत आहे.

२. बँकेतील ठेव वडिलांच्या औषधासाठी आहे. त्यांना मिरगी आहे. गोळी सकाळ-संध्याकाळ चुकवायची नाही. बरे वाटते म्हणून गोळी बंद करणे हा शोध आमच्या घरात दरवर्षी नव्याने लागतो.

३. माझी हत्यारे तालुक्याच्या आयटीआयमधील मुलींना द्यावीत. टॉर्क रेंच माझा चुलतभाऊ प्रणित याच्याकडे आहे. तो आधी परत घ्यावा. नट किती घट्ट बसला ते मोजण्याचे ते साधन आहे. प्रणितने त्याचा हातोडा करून शामियान्याचे खुंट ठोकले.

४. प्रणितविषयी.

प्रणित माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे आणि मोबाइलवर 'अजब विदर्भ' नावाचे चॅनल चालवतो. विज्ञान, इतिहास, यंत्रे, सिनेमा, जे अजब असेल ते. सिरोंच्याकडे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडांची खोडे दगड होऊन पडली आहेत. यापेक्षा अजब काय हवे? प्रणितने ती राक्षसाची हाडे म्हणून दाखवली. मी म्हटले, "अरे, खरी गोष्टच जास्त चांगली आहे." तर म्हणतो, "ताई, झाड तं सगळ्यायच्या घरापाशी हाये. राक्षस कोणापाशी हाये?"

माझ्या जाण्यावरही त्याने एक भाग केला आहे. त्यात बर्फाखाली एक दार आहे.

५. आता गोळ्याविषयी. हे कलम लांब आहे, कारण बाकी सगळी कलमे याच्यासाठी आहेत.

२०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आकाशातून जळते तुकडे गेले, ते आपल्या जिल्ह्यात सर्वांनी पाहिले. शेजारच्या तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले, इकडेतिकडे गोळे सापडले, ते सरकारने नेले. तो परदेशी रॉकेटचा भाग होता. त्यानंतर मे महिन्यात आमच्या गावचा मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, आटला, तेव्हा गाळात अजून एक गोळा निघाला. मोठ्या माठाएवढा, काळा, वरचे धागे जळून सुटलेले. अशा गोळ्यात रॉकेटचा वायू दाबून भरलेला असतो. हा रिकामा आहे याची खात्री होईपर्यंत मी कोणाला जवळ जाऊ दिले नाही. मग आम्ही अर्ज दिला, पोच घेतली, पुन्हा अर्ज दिला. न्यायला कोणी आले नाही.

आम्ही ढीवर. मासेमारी आणि शिंगाडे. पाण्यात शिंगाडे तोडताना माणूस वाळलेला पोकळ भोपळा, म्हणजे तुंबा, छातीशी धरून तरंगतो. बाबांनी गोळा एका हाताने उचलला, थापटला आणि म्हणाले, "हा तं तुंबाच हाये. वरून आला एवढंच." त्याच्या भोकात त्यांनी सागाचे बूच मारले, वरून राळेचा लेप दिला आणि गोळा तलावात लोटला. जे यंत्र पृथ्वीबाहेर जाऊन आले, त्याचा आमच्या घरात असा उपयोग ठरला. यावर मला हसू आले होते, हेही नोंदवते.

डॉक्टरांनी बाबांना पाण्यात जायला मनाई केली आहे. बाबांचे म्हणणे, "फिट मले जमिनीवर येते. पाण्यात काऊन येईन?" मी समजावले, रागावले, अबोला धरला, चप्पल लपवली. ते अनवाणी गेले. माणूस थांबत नसेल तर निदान बुडू नये, एवढेच काम माझ्या हाती उरले. मी चंद्रपूरहून नायलॉनची दोरी आणली. बाबांनी गोळ्याभोवती जाळी विणली. दोरीचा पट्टा अंगावर कुठून जावा ते मी ठरवले. पहिला चुकला, उथळ पाण्यात अंग सैल सोडून पाहिले तर माझेच तोंड पाण्यात गेले आणि आत्याने मला शिव्या देत वर काढले. दुसरा बरोबर आला. दोन्ही काखांखालून, गाठ छातीवर उंच. शुद्ध हरपली तरी डोके गोळ्याला टेकून पाण्याच्या वर राहते. त्या हंगामात बाबांना पाण्यात एकदा फिट आली. आत्या पोचेपर्यंत ते गोळ्यावर गाल टेकून तरंगत होते.

मागच्या वर्षी ऐन हंगामात मी कामावर असताना प्रणितने गोळा हायवेवरच्या एका ढाब्यावर नेला. 'परग्रहावरचं अंडं', थेट प्रक्षेपण. त्याला वाटले, मोठेबाबा, म्हणजे माझे बाबा, एक दिवस थांबतील. मोठेबाबा एक दिवस थांबत नाहीत, हे त्याच घरात वाढलेल्या माणसाला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. बाबा जुना भोपळा घेऊन उतरले. फिट आली, भोपळा हातातून निसटला. आत्या काठाजवळ शिंगाडे तोडत होती. तिने गळ्याइतक्या पाण्यातून त्यांना सदऱ्याला धरून ओढत आणले. तिला स्वतःला आता दम लागतो, पण त्या दिवशी लागला नाही म्हणते.

प्रणित रात्री गोळा घेऊन परतला तेव्हा रडत होता. हे खरे आहे आणि मी ते वगळत नाही. पण आठवड्याने त्याने दुसरा भाग काढला: 'आकाशातल्या गोळ्याचा शाप'. तो पहिल्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरते बोलते.

६. गोळा कोणाला द्यायचा, हा प्रश्न घरात सर्वांनी मला विचारला आहे. उत्तर असे की तो माझा नाही. अवकाशात पाठवलेली वस्तू खाली पडली तरी ज्या देशाने पाठवली त्याचीच राहते, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. जे माझे नाही ते मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही. माझी आहे ती दोरी, जी मी विकत आणली. जाळी, जी बाबांनी विणून मला दिली. आणि छातीवरची गाठ, जी मी शोधली. या तीन वस्तू मी पुढीलप्रमाणे देते.

जाळी बाबांना.

दोरी आत्याला. दोरी आत्याच्या ताब्यात असेल, तर तिला सांगितल्याशिवाय बाबा पाण्यात उतरणार नाहीत. तिच्यासमोर त्यांचे चालत नाही.

गाठ प्रणितला.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. कारणे देते. आत्याची बोटे आता वाकत नाहीत. बाबांना स्वतःच्या छातीवर ती गाठ बांधता येत नाही. राळेचा लेपही दर हंगामाला नवा लागतो. मी थर्मामीटर लावून केला, तो तडकला. दुसऱ्यांदा केला, तोही तडकला. प्रणित खांद्याने फोन कानाशी दाबून, कोणाला तरी ताजमहालाखालच्या गुप्त खोल्या सांगत सांगत लेप देतो आणि तो वर्षभर टिकतो. हे फार चीड आणणारे आहे. परंतु खरे आहे, आणि या घरात खरे लिहायचे काम माझ्याकडे आहे.

म्हणून रविवारी मी त्याला काठावर बोलावले. पट्टा त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "ताई, तू मले काऊन देऊन राह्यली? आत्या तं मले चूल बी पेटवू देत नाई."

मी म्हटले, "बांध."

त्याने बांधली. मी अंग सैल सोडून पाण्यात पडून राहिले. डोके वर राहिले. त्याने मोबाइल बाहेर काढला नव्हता, हे मी पाण्यातून पाहिले.

अट एकच. हंगामात गोळा तलावाबाहेर जाणार नाही. चित्रीकरण काठावरून करावे. अंडे म्हणावे, शाप म्हणावे, बर्फाखालच्या दाराला जोडावे. लोकांना काय वाट्टेल ते सांगावे, पण गाठ खरी बांधावी.

मृत्युपत्र मी मेल्यावरच लागू होते, हे माझी वकील मैत्रीण रीता हिने मला दोनदा समजावले. हे कलम मात्र मी निघाल्या दिवसापासून पाळायचे आहे. त्याला कायद्याचा आधार नाही, माझा आहे.

७. ज्या देशाचा गोळा आहे, त्यांचा माणूस कधी तो मागायला आला, तर वाद घालू नये. बूच, जाळी आणि दोरी काढून गोळा द्यावा, पोच घ्यावी. तो हंगामात आला, तर त्याला काठावर बसवून चहा द्यावा आणि बाबा बाहेर येईपर्यंत थांबायला सांगावे.

८. या मृत्युपत्राची व्यवस्था मूल येथील वकील आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण रीता वाघधरे हिने पाहावी. वर ज्यांना काही दिले आहे त्यांच्यापैकी कोणालाही साक्षीदार घेतलेले नाही. प्रणित त्यावर नाराज आहे.

नोंद: सही करण्यापूर्वी हे सर्व बाबांना वाचून दाखवले. त्यांनी दोन हरकती घेतल्या. पहिली, कलम २ मधील गोळीबाबत: "मले काई झालं नाई." ही हरकत फेटाळली आहे. दुसरी, कलम ७ बाबत. ते म्हणाले, "एवढ्या दुरून माणूस येईन, अन् त्याले निसता चहा पाजता? उकडलेले शिंगाडे द्या त्याले. खात बसला म्हंजे घाई नाई करन." ही हरकत मान्य केली आहे. कलम ७ मध्ये 'चहा' असे आहे तिथे 'चहा आणि उकडलेले शिंगाडे' असे वाचावे.

ठिकाण: मूल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही
रंजीता डोमा मांढरे

मृत्युपत्र करणारीने आमच्या समोर आणि आम्ही तिच्या समोर सही केली. ती शांत होती. तिचे वडील शांत नव्हते.

साक्षीदार
१. चंचल संघपाल रामटेके, परिचारिका, मूल (सही)
२. वारलू चैतू आत्राम, निवृत्त शिक्षक, बोडीटोला (सही)